रेकॉर्ड प्लेअर बदलायच्या आधी त्याच्या खालचं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत रेकॉर्ड्स परत आल्या यावरचा लेख वाचला. चांगला होता, चोरबाजार आला, जुना बाजार आला, कुठल्या रेकॉर्डला काय भाव चाललाय तेही आलं, पण सोबतचा फोटो बघून राहवलं नाही म्हणून हे लिहितोय. फोटोत एक देखणं टर्नटेबल आहे, ते ठेवलंय काचेच्या शोकेसवर आणि त्याच शोकेसवर डावी-उजवीकडे दोन स्पीकर, मध्ये फुलदाणी. आणि अख्ख्या लेखात प्लेअर कुठला घ्यावा, पिन कुठली घ्यावी, अँप कुठला घ्यावा हे सगळं आहे पण तो ठेवायचा कशावर यावर एक ओळ नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नवीन माणसाने पैसे घालायच्या आधी प्लेअरच्या खाली काय आहे ते बघावं, कारण तिथे काही शेकड्यांत जे होतं ते वर कितीही पैसे ओतले तरी होत नाही, आणि ते घरच्या घरी करता येतं, फक्त थोडं गणित करावं लागतं.

आधी हे बघा की पिन वाचते किती बारीक. पिनच्या टोकाची गोलाई साधारण १८ मायक्रॉन असते, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले अठरा, आणि वरच्या पट्टीच्या आवाजाला ही पिन एका मायक्रॉनपेक्षाही कमी हलते. कार्ट्रिजला, म्हणजे पिन ज्या छोट्या डबीत बसते तिला, फक्त एवढंच कळतं की पिन तिच्या अंगाच्या तुलनेत हलली, मग ती खाचेमुळे हलली की खालून टेबल हादरलं म्हणून हलली हे तिला कसं कळणार, दोन्हीचं ती करंटच बनवते. आणि त्यात भर म्हणजे आरआयएए. १९५४ पासून एलपी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबून कापतात आणि वाजवताना अँप ते परत वर उचलतो, १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला वीस वेळा हलणाऱ्या आवाजाला) हे उचलणं साधारण ९ पट होतं. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजचा फोनो स्टेज, म्हणजे पिनचा बारीक सिग्नल आधी मोठा करणारा भाग, मुळात १०० पट वाढवतो, म्हणजे २० हर्ट्झच्या आसपास ९०० पट झाले. आता घरातले हादरे कुठे असतात, तर नेमके तिथेच, खाली.

हे हादरे तीन वाटांनी येतात. एक जमिनीतून, म्हणजे चालणं, दार आपटणं, वॉशिंग मशीन, पंप, लिफ्ट, रस्त्यावरचा ट्रक. दुसरी वाट हवेतून, म्हणजे आपलेच स्पीकर. तिसरी प्लेअरची स्वतःची मोटर आणि बेअरिंग, त्याला खाली काहीही ठेवून उपयोग नाही, ते रिपेअरवाल्याचं काम आहे. पण पहिल्या दोन वाटा आपल्या हातात आहेत आणि आपल्याकडे गंमत अशी आहे की परदेशी माहिती वाचून लोक फक्त पहिलीच्याच मागे लागतात. तिकडे घरं लाकडी जमिनीची, माणूस चालला की पिन उडते, म्हणून सगळी चर्चा पावलांची. आपल्याकडे आरसीसी स्लॅबवर चालून पिन सहसा उडत नाही. गिरगावातली जुनी लाकडी चाळ असेल, पुण्यातला वाडा असेल, तर गोष्ट वेगळी, तिथे तक्तपोशीवरून नातू पळत गेला की आर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, नाचतो. पण ठाणे, डोंबिवली, चिंचवडच्या फ्लॅटमध्ये खरा गुन्हेगार बहुतेक वेळा शोकेस आणि स्पीकर असतात. पातळ प्लायचं पोकळ युनिट, वर काच, ते स्वतःच एक वाद्य असतं, त्यावर टिचकी मारून बघा.

वॉशिंग मशीनचा मात्र वेगळा उल्लेख करतो कारण त्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. ड्रम मिनिटाला ६०० फेऱ्या मारतो तेव्हा तो १० हर्ट्झचा हादरा देतो, १००० ला साधारण १७, १४०० ला २३. म्हणजे स्पिन सुरू होऊन वेग पकडेपर्यंत ते मशीन १० हर्ट्झमधून जातंच जातं, आणि १० हर्ट्झ हीच आर्मची सगळ्यात नाजूक जागा आहे. ती कशी ते सांगतो. आर्मचं वजन आणि पिनला धरणारा तो इवलासा रबरी लवचिकपणा मिळून एक स्प्रिंग-वजनाची जोडी होते आणि तिची स्वतःची एक लय असते. आर्मचं इफेक्टिव्ह मास (म्हणजे पिनच्या जागी जाणवणारं त्याचं वजन), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करा, कार्ट्रिजच्या कागदावर जो कॉम्प्लायन्सचा, म्हणजे त्या लवचिकपणाचा, आकडा असतो त्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्या वर्गमुळाने भागा. १२ ग्रॅमचा आर्म, साडेसहाची कार्ट्रिज, दीड ग्रॅमचे स्क्रू म्हणजे २०, कॉम्प्लायन्स १२, गुणाकार २४०, वर्गमूळ साडेपंधरा, उत्तर १० हर्ट्झच्या जरा वर. हे ८ ते १२ मध्ये यावं असं धरतात, त्याच्या खाली गेलं तर वाकड्या रेकॉर्डची लाट आणि पावलं त्रास देतात, वर गेलं तर गाण्यातच लुडबुड. (जपानी कंपन्यांचा कॉम्प्लायन्सचा आकडा बऱ्याचदा १०० हर्ट्झवर मोजलेला असतो, १० हर्ट्झला तो दीड-दोन पट धरावा लागतो, नाहीतर गणित चुकतं.)

आता मुख्य मुद्दा, आणि इथेच बाजारात सगळ्यात जास्त थापा चालतात. लोकांना वाटतं खाली काहीतरी मऊ घातलं की हादरा अडला, मग कोणी रबराचे बूच घालतं, कोणी माउसपॅड, कोणी योगा मॅटचे तुकडे, आणि बऱ्याच वेळा आवाज आधीपेक्षा बिघडतो. कारण मऊ वस्तू म्हणजे स्प्रिंग, आणि स्प्रिंगवर वजन ठेवलं की त्याचीही एक लय ठरते. त्या लयीच्या बऱ्याच वरचे हादरे ती अडवते, लयीच्या खालचे ती जसेच्या तसे वर पाठवते आणि नेमके लयीतले ती वाढवते, झोपाळ्याला योग्य वेळी बोट लावलं तरी तो उंच जातो तसं. अडवणं सुरू होतं ते लयीच्या साधारण १.४ पटीपासून पुढे.

आणि ही लय शोधायला कुठलंही यंत्र लागत नाही, फूटपट्टी लागते. प्लेअर ठेवल्यावर ती मऊ वस्तू किती मिलिमीटर दबली ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा, १५.८ ला त्याने भागा, हर्ट्झमध्ये उत्तर. १ मिलिमीटर दबली तर जवळजवळ १६ हर्ट्झ, ४ मिलिमीटर तर ८, १० मिलिमीटर तर ५, २५ मिलिमीटर तर ३ च्या थोडं वर. आता वरचं आर्मचं गणित आठवा, ८ ते १२. म्हणजे दोन ते चार मिलिमीटर दबणारं रबर खाली घातलं तर आपण आर्मच्याच लयीवर आणखी एक स्प्रिंग बसवली, दोघे मिळून नाचणार! स्टीलच्या स्प्रिंगला हे गणित तंतोतंत लागू पडतं, रबर आणि फोम हलताना स्थिर असतानापेक्षा कडक वागतात म्हणून त्यांची खरी लय हिशोबापेक्षा आणखी वर निघते. म्हणजे एकुणात काय, जे काही घालाल ते चांगलं सेंटिमीटरभर तरी दबलं पाहिजे, लय ५ किंवा खाली आली पाहिजे. लय ५ आली की १० हर्ट्झचा हादरा कागदावर एक तृतीयांश होतो आणि २५ हर्ट्झचा चोविसावा भाग. प्रत्यक्षात इतकं नाही मिळत, डॅम्पिंग (झोके विरवणारं घर्षण) असतं, रबर असतं, पण निम्मं मिळालं तरी कानाला लगेच कळतं.

सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडलेला उपाय म्हणजे सायकलची ट्यूब आणि कडप्पा. लहान मुलांच्या १२ इंची सायकलची ट्यूब घ्यायची, ओट्याचं काम करणाऱ्याकडून कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा कापून कडा घासून घ्यायचा, ४५ बाय ३८ सेंटिमीटर, २ सेंटिमीटर जाड, याचं वजन नऊ किलोच्या आसपास भरतं. खाली एक प्लायचा तुकडा, त्यावर ट्यूब, ट्यूबवर दगड, दगडावर प्लेअर. ट्यूबमध्ये हवा किती, तर दगड खाली टेकणार नाही एवढीच, जरा ढिलीच. इथे लोक सायकल पंप घेऊन टणक होईपर्यंत हवा भरतात आणि मग म्हणतात काही फरक नाही, अहो फुगवलेली ट्यूब म्हणजे परत कडक स्प्रिंगच झाली की. व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला येईल असा ठेवा नाहीतर दर वेळी सगळं उचलावं लागेल. दगड लागतोच, वजन म्हणून लागतो, कारण जेवढं वजन जास्त तेवढी लय खाली जाते आणि वरचा प्लेअर शांत बसतो, नुसत्या हलक्या प्लास्टिकच्या प्लेअरखाली ट्यूब ठेवली तर तो होडीसारखा डुलत राहील. एक मात्र आहे, कडप्प्यावर टिचकी मारली तर तो टण्ण वाजतो, म्हणून त्याच्या खालच्या बाजूला कॉर्कची शीट किंवा जाड फेल्ट फेविकॉलने चिकटवून टाकायचं, वाजणं बंद.

ट्यूबवर दगड ठेवून हाताने खाली दाबून सोडला की तो वर-खाली होतो, दोन-तीन झोक्यांत थांबायला हवा. जास्त वेळ डुलत असेल तर डॅम्पिंग कमी पडतंय, ट्यूबच्या मधल्या पोकळीत जुन्या गादीतला फोम हलका कोंबायचा, दगडाला जेमतेम लागेल एवढाच. ज्यांना आकडा बघायचाय त्यांनी मोबाईलवर फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप घ्यावं, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं आहे, ते फोनच्या आतलं अ‍ॅक्सिलरोमीटर वापरून हादऱ्यांची फ्रिक्वेन्सी दाखवतं. फोन दगडावर ठेवा, शेजारच्याला जमिनीवर पाय आपटायला सांगा, मग फोन जमिनीवर ठेवून परत तेच, दोन आलेख शेजारी ठेवले की दुकानदाराच्या गप्पांची गरज उरत नाही. फोनचं सेन्सर मायक्रॉनच्या दुनियेतलं नाही हे खरं, पण कुठे उंचवटा आहे एवढं नक्की कळतं.

स्क्वॉशच्या चेंडूंचा उपाय जगभर चालतो तोही चांगला आहे. दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू, ४० मिलिमीटरचा, आतून पोकळ, प्लंबिंगच्या दुकानात पीव्हीसी पाइपचे इंचभर तुकडे कापून मिळतात त्यात एकेक चेंडू बसवायचा म्हणजे घरंगळत नाही, चार कोपऱ्यांत चार आणि वर तोच दगड. यात गोम अशी आहे की प्लेअरचं वजन सगळीकडे सारखं नसतं, मोटरच्या बाजूला जास्त असतं, त्यामुळे तिकडचा चेंडू जास्त दबतो आणि सगळं कलतं. तेव्हा चेंडू कोपऱ्यात न ठेवता जड बाजूकडे सरकवायचे, गवंड्याची लेव्हल बाटली प्लॅटरवर (रेकॉर्ड फिरते त्या थाळीवर) ठेवून दोन्ही दिशांना सपाट येईपर्यंत. पोकळ चेंडू काही महिन्यांनी बसकण मारतात, तेव्हा बदलायचे. ज्यांना स्प्रिंग जमते त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रिंग घ्यावी, वजन ठेवून दोनेक सेंटिमीटर दबणारी, आत फोम भरून, हा उपाय टिकाऊ आहे आणि गणितही अचूक येतं.

आता एक आपल्या घरातली सोय, जी परदेशातल्या माणसाकडे नसते. बऱ्याच मराठी घरांत छताला झोपाळ्याच्या कड्या असतात. झोपाळा कधीच काढून माळ्यावर टाकलेला असतो, कड्या तशाच. त्या कड्यांना चार दोऱ्यांनी फळी टांगून त्यावर प्लेअर ठेवला तर आडवे हादरे जवळजवळ नाहीसे होतात, कारण लोलकाची लय फार खाली असते, एक मीटर दोरीला २ सेकंदांत एक झोका, म्हणजे अर्धा हर्ट्झ. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. लोलक फक्त आडवा हादरा अडवतो, उभा हादरा ताणलेल्या दोरीतून सरळ खाली येतो, आणि वरच्या मजल्यावरचा माणूस चालतोय तो त्याच स्लॅबवर, त्यामुळे प्रत्येक दोरीच्या शेवटी स्प्रिंग किंवा जाड इलॅस्टिक हवंच. दुसरं म्हणजे ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड एक फेरी १.८ सेकंदांत पुरी करते आणि ८० सेंटिमीटरचा लोलकही १.८ सेकंदांतच झोका पुरा करतो, तेव्हा नेमकी तेवढी दोरी टाळा, प्लॅटर किंवा रेकॉर्डवर दाबून बसवायचं क्लॅम्प जरा जरी एका बाजूला जड असेल तर फळी हळूहळू डुलायला लागेल. घरात लहान मूल असेल तर हा नाद सोडा, ते झोपाळा समजणारच.

जाता जाता, हेच तत्त्व आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाच्या कामात वापरलं जाणार आहे, गुरुत्वीय लहरी पकडायचा प्रकल्प, २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. अमेरिकेतल्या लायगोत ४० किलोचा आरसा चार टप्प्यांच्या लोलकावर टांगलेला असतो, जमीन हलली तरी आरसा हलू नये म्हणून. आपलं काम त्या मानाने पोरखेळ आहे, एकच टप्पा पुरतो.

लाकडी जमिनीच्या घरात मात्र ट्यूबबिब करण्याआधी प्लेअर जमिनीवरून उचला आणि भिंतीवर न्या. पावलांचा हादरा २ हर्ट्झपासून सुरू होतो आणि लाकडी जमीन स्लॅबपेक्षा कितीतरी लवचिक, तिथे ५ हर्ट्झची ट्यूब काय करणार, खालच्या लयीत ती सोबतच डुलेल. जुन्या घराची बाहेरची जाड विटांची भिंत बघा, लोखंडी ब्रॅकेट अँकर फास्टनरने ठोका, त्यावर हलकी पण कडक फळी. नव्या टॉवरमधल्या लोकांनी आधी भिंत ठोकून बघावी, सिपोरेक्स ब्लॉकची असेल तर साधा फास्टनर धरत नाही, त्याचे वेगळे प्लग मिळतात, आणि आतली चार इंची पार्टिशन भिंत तर स्वतःच स्पीकरबरोबर घुमते, तिच्यावर प्लेअर टांगणं म्हणजे शोकेसचं भावंडच.

स्पीकरकडे येतो. स्पीकर आणि प्लेअर एका फर्निचरवर ठेवू नका, हे खरं तर पहिलं वाक्य असायला हवं होतं, आणि याला एक रुपयाही लागत नाही. स्पीकरचा हादरा फळीतून पिनला लागतो, पिनचा अँपला, अँपचा परत स्पीकरला, असं चक्र सुरू होतं आणि आवाज एका ठिकाणी पोचला की घोंऽऽ करून सगळं घुमायला लागतं. त्या थराला जायच्या खूप आधीपासून ते गाण्याला चिखल लावत असतं. आपल्या गाण्यात हे जास्त जाणवतं असं माझं मत आहे. काळी एकच्या पुरुष गायकाचा षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास आणि तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ ला, ती तार विलंबित ख्यालात वीस-पंचवीस मिनिटं थांबतच नाही, म्हणजे त्या फळीची लय तिथे कुठे असेल तर तिला चढायला भरपूर वेळ मिळतो. आणि डग्ग्याची घिस्सा मारलेली थाप, ती तर सगळं उघडं पाडते, थाप सुटल्यावर मागे गूंऽ राहिला तर तो डग्ग्याचा नसून तुमच्या टीपॉयचा असू शकतो.

प्लेअरचं प्लास्टिकचं झाकण वाजवताना पूर्ण काढून बाजूला ठेवा. अर्धवट उघडं ठेवलेलं झाकण शिडासारखं हवेतला हादरा पकडतं आणि बिजागरीतून थेट प्लेअरला देतं. प्लेअर खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नका, बेस कोपऱ्यांत साचतो. हा झाला हवेच्या वाटेचा बंदोबस्त, यात ट्यूब फारसं काही करू शकत नाही कारण हादरा वरून येतोय.

याच न्यायाने ते सुटकेस प्लेअर. तुमच्या लेखात नवशिक्यांना तेच सुचवलंय. अहो त्यात स्पीकर त्याच डब्यात, पिनपासून वीतभर अंतरावर! त्याच्या खाली चेंडू ठेवा नाहीतर आरसे टांगा, काही होणार नाही. घेतलाच असेल तर मागे लाइन आउट असतं त्यातून बाहेरचे स्पीकर जोडा, लांब ठेवा, आतल्या स्पीकरचा आवाज बंद करता येत असेल तर बंद करा, बराच फरक पडेल.

बाजारातल्या थापांवरही दोन शब्द. एका दुकानदाराने मला पितळी अणकुचीदार स्पाइक दाखवून सांगितलं की यातून हादरा फक्त खाली जातो, वर येत नाही. असं काही नसतं. टोकदार असो की सपाट, धातूचा टेकू दोन्ही दिशांना सारखाच हादरा नेतो. स्पाइकचा उपयोग आहे तो गालिच्यातून आरपार जाऊन फरशीवर घट्ट टेकायला, डुगडुग घालवायला, म्हणजे स्पीकरच्या स्टँडला ठीक, पण हादरा अडवायला नाही. महागड्या जेलच्या पायांचं तसं नाही, ते खरंच काम करतात, पण प्रत्येकाची वजनाची एक पट्टी असते, आठ किलोसाठी बनवलेला पाय तीन किलोच्या प्लेअरखाली दबतच नाही आणि मग तो नुसता रबरी बूच ठरतो. दुकानात तुमच्या प्लेअरचं वजन कोणी विचारलं का? विचारलं नसेल तर घेऊ नका.

आणि ज्यांच्याकडे आधीच स्प्रिंगवाले प्लेअर आहेत त्यांनी यातलं काहीच करू नये. १९६१ मध्ये अमेरिकेत एडगर विलचरने अकूस्टिक रिसर्च कंपनीचं टर्नटेबल काढलं, त्यात प्लॅटर आणि आर्म एकाच चौकटीवर आणि ती चौकट तीन स्प्रिंगांवर, मोटर वेगळी. त्यामागून थोरेन्स आणि पुढे स्कॉटलंडची लिन या कंपन्यांनी तोच रस्ता धरला. यातली युक्ती फक्त स्प्रिंगची नाही, प्लॅटर आणि आर्म एकत्र हलतात ही आहे, दोघे एकत्र हलले तर पिनला फरकच कमी कळतो. असल्या प्लेअरखाली आणखी ट्यूब घातली तर स्प्रिंगवर स्प्रिंग होऊन दोघी भांडतात, त्यांना कडक हलकी फळी आणि घट्ट भिंत द्या. उलट टेक्निक्सच्या एसएल-१२०० मार्क टू सारखे जड प्लेअर, १९७९ चे, डिस्कोतल्या दणदणाटासाठी खाली जाड रबराचा थर देऊन बनवलेले, ते दगड आणि ट्यूबवर छान बसतात.

करून झाल्यावर तपासायचं कसं. मोटर बंद ठेवा, एखादी खराब झालेली रेकॉर्ड प्लॅटरवर ठेवून पिन तिच्यावर टेकवा, आवाज नेहमीएवढा करा आणि फळीवर बोटाच्या पेराने हलकं टकटक करा. स्पीकरमधून जो धप्प येतो तो तुमचा शत्रू. मग दगडावर टकटक, मग जमिनीवर पाय. आता हळूहळू आवाज वाढवा, घुमायला लागतोय असं वाटलं की लगेच कमी करा, हट्टाने पुढे जाल तर वूफर जाईल. नेहमीच्या आवाजाच्या बरंच वर जाऊनही शांत राहिलं तर काम झालं. दुसरी खूण म्हणजे रेकॉर्ड वाजताना वूफरची जाळी काढून बघा, गाण्याशी संबंध नसलेलं संथ आत-बाहेर चाललं असेल तर १० हर्ट्झच्या आसपासचं काहीतरी अजून आहे, मग ते हादऱ्याचं असेल नाहीतर वाकड्या रेकॉर्डचं. वाकड्या रेकॉर्डला ट्यूब काय करणार. फोनो स्टेजला रंबल फिल्टर (अगदी खालचे आवाज गाळणारी सोय) असेल तर लावा, स्पीकर वाचतात, पण पिनचं खाचेत थरथरणं त्याने थांबत नाही हे ध्यानात ठेवा.

जुने एचएमव्हीचे सिरॅमिक कार्ट्रिजवाले प्लेअर ज्यांच्या घरी आहेत त्यांना एवढ्या खटपटीची गरज नाही. त्यांची पिन चांगली जड टेकते, फोनो स्टेज लागत नाही, बेसही बेताचा. पक्कं टेबल बघा, चारही पाय टेकतायत ना बघा, संपलं.

तुम्हाला विनंती अशी की पुढच्या वेळी असा लेख आला तर किमतींच्या चौकटीच्या शेजारी ठेवायचं कुठे याचीही एक छोटी चौकट द्या. गावोगावची संगीत मंडळं, वाचनालयं हल्ली रेकॉर्ड ऐकायचे कार्यक्रम करतात, तिथे तर स्टेजच्या पोकळ लाकडी फळ्यांवर प्लेअर आणि दोन्ही बाजूंना पीएचे मोठे स्पीकर अशी व्यवस्था असते, आणि लोकांनी जपलेल्या, परत न मिळणाऱ्या रेकॉर्ड्स त्यावर लावतात. त्यांनी निदान प्लेअर स्टेजवरून खाली फरशीवर, स्पीकरच्या मागे घ्यावा आणि कडप्प्याचा एक तुकडा मंडळाच्या कपाटात ठेवून द्यावा. ट्यूबची हवा मात्र महिन्या-दोन महिन्यांनी बघावी लागते, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर माझ्या नावाने तक्रारीची पत्रं तुमच्याकडे यायची.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली